घरबसल्या पदवी खरी, पण पावती कुणाच्या नावाची?

ऑनलाइन अभ्यासक्रमांवर केंद्राचे नियम कडक आहेत. तरी चुकीची किंमत विद्यार्थीच मोजतो. ग्वाल्हेरपासून बेळगावपर्यंतच्या मराठी घरांनी प्रवेशाआधी काय तपासावं?

ग्वाल्हेर : बारावीचा निकाल लागला की लष्कर, मुरार, थाटीपूर भागातल्या घरांत फोन सुरू होतात. पलीकडून गोड आवाजात विचारणा होते. नोकरी करता करता बी.कॉम. करायचं आहे का? एमबीए हवंय का? वर्गात बसायचं नाही, गाव सोडायचं नाही, हप्ते पाडून देऊ, आजच नोंदणी केली तर सवलत. फोन करणारा विद्यापीठाचं नाव घेतो, पण बहुतेक वेळा तो विद्यापीठाचा माणूस नसतो. तो कंपनीचा असतो.

हे चित्र एकट्या ग्वाल्हेरचं नाही. बऱ्हाणपूर, पांढुर्णा, बेळगाव, बिदर, आदिलाबाद, कुठेही जा, तेच. सीमेवरच्या आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत ऑनलाइन पदवीचं आकर्षण जरा जास्तच आहे. त्याला कारणही आहे. ज्यांच्या घरात मराठी बोलली जाते पण शाळा हिंदी, कन्नड किंवा तेलुगू माध्यमाची होती, त्यांना दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठापर्यंत पोचायचा हा सगळ्यात स्वस्त रस्ता वाटतो. प्रश्न एवढाच की तो रस्ता पदवीपर्यंत जातो की मध्येच संपतो.

नियम काय सांगतो?

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. ऑनलाइन पदवी म्हणजे दुय्यम पदवी, असं कायदा म्हणत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, ४ सप्टेंबर २०२० रोजी दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी एकत्रित विनियम लागू केले. त्यातल्या २२व्या विनियमानुसार मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाते. लोकांच्या मनातली शंका जात नव्हती, म्हणून सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीने हेच पुन्हा जाहीर केलं.

मात्र ही बरोबरी मिळवायची तर संस्थेला दर्जाची अट पाळावी लागते. नॅक ही मूल्यांकन संस्था विद्यापीठांना चारपैकी गुण देते. ३.२६ किंवा त्याहून जास्त गुण असतील, म्हणजे श्रेणी ए-प्लस किंवा वरची असेल, तर विद्यापीठ पूर्वपरवानगीशिवाय ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू करू शकतं. ३.०१ पासून पुढच्या विद्यापीठांना अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरातलं स्थान हाही एक मार्ग आहे. कोणत्याही मार्गाने गेलं तरी विद्यापीठाचं आणि अभ्यासक्रमाचं नाव यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत दिसलं पाहिजे. यादी सत्रागणिक असते. गेल्या वर्षी नाव होतं म्हणून यंदाही असेलच, असं नाही.

काही विषय मुळातच वर्ज्य आहेत. अभियांत्रिकी, वैद्यकीय, दंतवैद्यक, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, कायदा, वास्तुशास्त्र, शेती, हॉटेल व्यवस्थापन यांच्या पदव्या या पद्धतीने देता येत नाहीत. पीएच.डी.सुद्धा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये या यादीत भर पडली. आरोग्य क्षेत्राशी जोडलेले मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, अन्न व पोषणशास्त्र असे विषय जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवू नयेत, नवे प्रवेश देऊ नयेत, असं यूजीसीने बजावलं. कारण देण्यात आलं ते २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय आयोग कायद्याचं. नोकरी सांभाळून मानसशास्त्रात एम.ए. करू बघणाऱ्या कित्येकांच्या, त्यातही घर सांभाळून शिकणाऱ्या बायकांच्या, योजना त्या एका पत्रकाने बदलल्या.

सीमेवरच्या वाचकाने लक्षात ठेवायचा फरक

दूरस्थ आणि ऑनलाइन हे दोन शब्द बोलताना एकच वाटतात. नियमात ते वेगळे आहेत, आणि राज्याच्या सीमेवर राहणाऱ्याला हा फरक फार महागात पडू शकतो.

दूरस्थ शिक्षणात विद्यापीठाला हद्द असते. राज्य विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर अभ्यासकेंद्र उघडता येत नाही. इग्नूसारख्या राष्ट्रीय विद्यापीठाची गोष्ट वेगळी. ऑनलाइन पद्धतीला मात्र ही हद्द लागू नाही. मान्यता असलेल्या विद्यापीठाचा ऑनलाइन अभ्यासक्रम देशात कुठूनही करता येतो.

याचा अर्थ मराठी माणसासाठी काय, ते बघा. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून मराठीतून उच्च शिक्षण देतंय. पण ते राज्य विद्यापीठ. पांढुर्ण्याच्या मुलीला नागपूर जवळ आणि भोपाळ लांब, तरी तिच्या गावात नाशिकचं अभ्यासकेंद्र निघू शकत नाही. नाव नोंदवायचं तर सीमा ओलांडून महाराष्ट्रातल्या केंद्रावर जावं लागणार. मध्य प्रदेशात भोपाळचं भोज मुक्त विद्यापीठ १९९१ पासून आहे, पण तिथे मराठीतून शिकायची सोय शोधणं व्यर्थ. म्हणजे दूरस्थ पद्धतीत भाषा एका राज्यात अडकते आणि माणूस दुसऱ्या.

ही गाठ ऑनलाइन पद्धतीने सुटू शकते. मराठी माध्यमातले ऑनलाइन अभ्यासक्रम वाढले तर ग्वाल्हेरच्या, इंदूरच्या, बडोद्याच्या, हैदराबादच्या मराठी विद्यार्थ्याला हद्दीची अडचण राहणार नाही. पण आज बाजारात जोर आहे तो इंग्रजीतल्या बीबीए, एमबीए आणि संगणक अभ्यासक्रमांचा. जिथे फी जास्त, तिथे जाहिरात जास्त. मराठीतून इतिहास किंवा अर्थशास्त्र शिकवायला कोणतीही कंपनी फोन करत बसत नाही.

हद्दीचा नियम मोडला की काय होतं, हे सीमाभागाने जवळून पाहिलंय. म्हैसूरच्या कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठाने कर्नाटकाबाहेर खासगी भागीदारांमार्फत केंद्रं चालवली. जून २०१५ मध्ये यूजीसीने २०१३-१४ पासूनची मान्यता नाही असं जाहीर केलं. म्हणजे आधीच प्रवेश घेतलेल्यांच्या पायाखालची जमीन मागच्या तारखेने सरकली. विद्यापीठाला पुन्हा मान्यता मिळाली ती २०१८-१९ पासून. विद्यापीठ परत उभं राहिलं. मधल्या वर्षांतल्या मुलांची नोकरीची वयं मात्र निघून गेली.

सर्वोच्च न्यायालयाचा ३ नोव्हेंबर २०१७ चा निकालही असाच. काही अभिमत विद्यापीठांनी परवानगी नसताना दूरस्थ पद्धतीने अभियांत्रिकीच्या पदव्या वाटल्या होत्या. न्यायालयाने २००१ ते २००५ मधल्या प्रवेशांच्या पदव्या स्थगित केल्या आणि त्या विद्यार्थ्यांना एआयसीटीईची परीक्षा देऊन पदवी वाचवायची संधी दिली. त्यानंतरच्या प्रवेशांच्या पदव्या रद्दच झाल्या. निकाल आला तेव्हा यातले अनेक जण दहा-बारा वर्षं नोकरीत होते. काहींना त्या पदवीवर बढतीही मिळाली होती.

नॅकची श्रेणी आणि ग्वाल्हेरचा अनुभव

सगळी भिस्त आहे ती नॅकच्या गुणांवर. आणि इथेच ग्वाल्हेरचा अनुभव ऐकण्यासारखा आहे.

जिवाजीराव शिंदे यांच्या नावाने १९६४ मध्ये स्थापन झालेलं जिवाजी विद्यापीठ हे या भागाचं मोठं विद्यापीठ. ग्वाल्हेर-चंबळ पट्ट्यातली महाविद्यालयं त्याला जोडलेली. २०२३ मध्ये त्याला नॅकची सर्वोच्च ए-प्लस-प्लस श्रेणी मिळाली. शहराला आनंद झाला, आणि तो रास्त होता.

त्यानंतर दोन वर्षांच्या आत, जानेवारी २०२५ मध्ये, मध्य प्रदेशच्या आर्थिक गुन्हे शाखेने तत्कालीन कुलगुरूंसह अनेकांवर गुन्हा नोंदवला. आरोप असा की मुरैना जिल्ह्यातल्या झुंडपुरा इथलं एक महाविद्यालय फक्त कागदावर होतं, आणि तपासणी समित्यांचे अहवाल तरीही अनुकूल येत राहिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. हे आरोप आहेत, निकाल नाही. पण सामान्य माणसाला पडणारा प्रश्न साधा आहे. संलग्न महाविद्यालयाची इमारत उभी आहे की नाही एवढंही ज्या व्यवस्थेत खात्रीने कळत नाही, तिथे संगणकाच्या पडद्यामागे शिक्षक आहे की नाही हे कोण बघणार?

दुसरं उदाहरण नर्सिंग महाविद्यालयांचं. उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठापुढे प्रकरण गेलं आणि २०२२ मध्ये सीबीआय चौकशीचे आदेश निघाले. चौकशीचा आवाका पुढे वाढला. तपासलेल्या ३०८ महाविद्यालयांपैकी १६९ योग्य, ७३ मध्ये त्रुटी आणि ६६ अयोग्य, असा अहवाल आला. एवढ्यावर थांबलं नाही. मे २०२४ मध्ये खुद्द सीबीआयच्याच निरीक्षकाला या तपासणीत लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली. तपासणाऱ्यालाच तपासायची वेळ आली.

आणि नॅक? १ फेब्रुवारी २०२५ ला सीबीआयने आंध्र प्रदेशातल्या एका अभिमत विद्यापीठाच्या मूल्यांकन प्रकरणात नॅकच्या तपासणी समितीच्या अध्यक्षांसह दहा जणांना अटक केली. चांगल्या श्रेणीसाठी लाच, असा आरोप.

म्हणून नॅकची प्रत्येक श्रेणी खोटी आहे असं कुणी म्हणणार नाही. मेहनतीने श्रेणी मिळवलेली विद्यापीठं आहेतच. पण ऑनलाइन अभ्यासक्रमाचं दार उघडायची किल्ली एकच ठेवली, की त्या किल्लीचा भाव वाढतो. शिवाय नॅक प्रामुख्याने वर्गातल्या शिक्षणाचा, प्रयोगशाळांचा, ग्रंथालयाचा, संशोधनाचा दर्जा बघते. त्या गुणांवरून विद्यापीठाचं ऑनलाइन शिकवणं चांगलं असेल असा अंदाज बांधायचा, हे जरा धाडसाचंच.

नियमात शिकवण्याच्या अटी नाहीत असं नाही. व्हिडिओ व्याख्यान, वाचनसाहित्य, पूरक संदर्भ आणि स्वयंचाचणी असे चार भाग लागतात. २५० विद्यार्थ्यांमागे एक मार्गदर्शक लागतो. दर्जा पाहणारं अंतर्गत केंद्र लागतं. परीक्षा देखरेखीखाली घ्यावी लागते. अटी चांगल्या आहेत. पण त्या पाळल्या जातात की नाही याची माहिती प्रामुख्याने विद्यापीठच देतं, स्वतःच्या शपथपत्रावर. विद्यार्थ्याला विचारणारं कुणी नाही.

कंपनी आणि विद्यापीठ : पैसा कुठे जातो?

जानेवारी २०२२ मध्ये यूजीसी आणि एआयसीटीई या दोघांनीही इशारा दिला. शैक्षणिक तंत्रज्ञान कंपन्यांशी फ्रँचायझी पद्धतीने करार करून पदवी अभ्यासक्रम चालवता येणार नाहीत. कंपनीने तंत्रज्ञान पुरवावं, विद्यापीठाने शिकवावं, परीक्षा घ्यावी आणि पदवी द्यावी, असा अर्थ.

कागदावर हे स्पष्ट आहे. व्यवहारात प्रवेश मिळवून देणं, फोन करणं, कर्ज लावून देणं, तक्रार ऐकणं ही सगळी कामं कंपनीच करते. विद्यार्थ्याचा विद्यापीठाशी संबंध येतो तो परीक्षेच्या वेळी. फी किती टक्के कंपनीला जाते हे कुठेही छापलेलं नसतं. व्यापारी माणूस माल घेताना अडत किती, हमाली किती ते विचारतो. इथे लाखभर रुपये देताना कुणी विचारत नाही, आणि सांगतही नाही.

हिशेब वाचता येणाऱ्यासाठी एक खूण आहे. कायद्याने मान्य पदवीचं शिक्षण शैक्षणिक संस्थेने विद्यार्थ्याला दिलं तर त्यावर जीएसटी नाही. कंपनीच्या कोचिंग किंवा कौशल्य सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो. तेव्हा पदवीच्या नावाने पैसे भरले आणि पावती कंपनीच्या नावाची, वर १८ टक्के कर, असं असेल तर थांबून विचारायला हवं की आपण नक्की काय विकत घेतलं. कदाचित पदवीसोबत जोडलेला एखादा कोर्स असेल. कदाचित पदवी नसेलच, फक्त प्रमाणपत्र असेल.

दुसरी गोष्ट हप्त्यांची. 'बिनव्याजी हप्ते' म्हणजे बहुतेक वेळा वित्त कंपनीचं कर्ज असतं. करार विद्यार्थी किंवा त्याचे वडील आणि वित्त कंपनी यांच्यात होतो. पूर्ण रक्कम आधीच पुढे गेलेली असते. चार महिन्यांनी अभ्यासक्रम नको वाटला, शिकवणं बंद पडलं, मान्यता गेली, तरी हप्ता चालूच राहतो. भरला नाही तर सिबिल बिघडतं, आणि पुढे दुकानासाठी किंवा घरासाठी कर्ज मागायला गेलं की तो डाग समोर येतो.

शिक्षा हजार रुपयांची

नियम मोडणाऱ्याला धाक किती? यूजीसीचा कायदा १९५६ चा. अधिकार नसताना विद्यापीठ म्हणवून घेणाऱ्याला किंवा पदवी देणाऱ्याला त्या कायद्याच्या २४व्या कलमात दंड आहे तो जास्तीत जास्त एक हजार रुपये. सत्तर वर्षांपूर्वी ती रक्कम मोठी असेल. आज ऑनलाइन एमबीएच्या एका हप्त्यापेक्षा ती कमी भरेल.

म्हणूनच बनावट विद्यापीठांची यादी वर्षानुवर्षे तशीच फिरत राहते. त्यात नागपूरची 'राजा अरेबिक युनिव्हर्सिटी' आहे आणि बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकची 'बडगाणवी सरकार वर्ल्ड ओपन युनिव्हर्सिटी एज्युकेशन सोसायटी'ही आहे. यादी प्रसिद्ध होते, वर्तमानपत्रं छापतात, पुढच्या वर्षी पुन्हा तीच नावं.

डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राने लोकसभेत 'विकसित भारत शिक्षा अधिष्ठान' विधेयक मांडलं. यूजीसी, एआयसीटीई आणि एनसीटीई या तिन्ही संस्थांच्या जागी एकच रचना आणायची, आणि दंड लाखांपासून कोटींपर्यंत न्यायचा, असा त्यात प्रस्ताव आहे. विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे गेलं. दंड वाढायलाच हवा. पण दंड सरकारजमा होतो. ज्याची दोन वर्षं आणि लाख-दीड लाख रुपये गेले, त्याच्या हातात काय पडणार, हा प्रश्न दंड वाढवून सुटत नाही.

तपासायचं कसं?

२०२४ च्या सत्रापासून एक चांगला बदल झालाय. दूरस्थ किंवा ऑनलाइन प्रवेश घ्यायचा तर विद्यार्थ्याला यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या पोर्टलवर स्वतःचा 'डेब आयडी' काढावा लागतो. त्यासाठी आधी अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे एबीसीचा आयडी लागतो. तोही डिजिलॉकरवरून निघतो. डेब आयडी एकदाच काढायचा, तो कायम राहतो. यामुळे प्रवेशाची नोंद थेट यूजीसीकडे राहते.

पण ग्वाल्हेर असो की बेळगाव, हा आयडी कंपनीचा माणूसच 'आम्ही काढून देतो' म्हणत ओटीपी मागतो. तिथेच सुरक्षेची कडी निसटते. आयडी स्वतः काढावा, आणि काढताना पुढच्या गोष्टी बघाव्यात.

एक, विद्यापीठ आणि अभ्यासक्रम दोन्हींची नावं चालू सत्राच्या यादीत आहेत का. विद्यापीठ यादीत आहे म्हणून त्याचा प्रत्येक अभ्यासक्रम मान्य ठरत नाही.

दोन, पद्धत कोणती लिहिली आहे, दूरस्थ की ऑनलाइन. दूरस्थ असेल आणि विद्यापीठ दुसऱ्या राज्याचं असेल, तर अभ्यासकेंद्र कुठे आहे ते विचारा.

तीन, एकाच समूहाची चार राज्यांत चार विद्यापीठं असू शकतात. नाव सारखं असलं तरी प्रत्येकाचा कायदा वेगळा आणि मान्यता वेगळी. आपल्या शहरात त्या नावाचं आवार आहे, एवढ्यावर जाऊ नका.

चार, फी विद्यापीठाच्या खात्यात जातेय का, पावती कुणाच्या नावाची आहे.

पाच, कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी 'प्रवेश रद्द केला तर कर्जाचं काय' हे लेखी घ्या.

एप्रिल २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या करायची मुभा आहे. एक वर्गातली आणि एक ऑनलाइन, असंही चालतं. सकाळी कॉलेजात बी.कॉम. आणि रात्री ऑनलाइन दुसरी पदवी, असा विचार करणाऱ्या मुलांची संख्या वाढणार. तेव्हा ही तपासणी घराघरात करावी लागणार.

उरलेलं काम सरकारचं

सगळा भार विद्यार्थ्यावर टाकून मात्र चालणार नाही. अठरा वर्षांच्या मुलाने किंवा किराणा दुकान चालवणाऱ्या वडिलांनी इंग्रजीतली परिपत्रकं वाचून विनियमांचा अर्थ लावावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. सरकारने निदान तीन गोष्टी कराव्यात. मान्यतेची यादी आणि इशारे मराठी, हिंदी, कन्नड, तेलुगूसह भारतीय भाषांत निघावेत. प्रत्येक प्रवेशाच्या पावतीवर कंपनीचा वाटा छापणं सक्तीचं व्हावं. आणि मान्यता गेली तर आधीच्या तुकडीला पदवीपर्यंत नेणं किंवा फी परत करणं याची हमी विद्यापीठाकडून आधीच ठेव म्हणून घ्यावी. बांधकाम करणाऱ्याकडून, चिटफंडवाल्याकडून अशी हमी घेतली जाते. मग आयुष्याची तीन वर्षं घेणाऱ्याकडून का नको?

जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारी, असे वर्षातून दोनदा प्रवेश होतात. दोनदा फोन वाजणार. पलीकडचा आवाज म्हणेल, आजच शेवटची तारीख आहे. तेव्हा फोन ठेवून यूजीसीची यादी उघडावी. विद्यापीठ खरं असेल तर ते उद्याही तिथेच असेल.